पाहा : किल्लीवाला

५ फेब्रुवारी

प्रोफेसरसाहेब,

अक्षर ओळखूनही पाकीट फोडलंस, म्हणजे अजून थोडी आशा आहे. चौदा महिन्यांत माझा एक फोन उचलला नाहीस. आईशी बोलतोस तेव्हा आधी "तिला देऊ नकोस" म्हणतोस, आणि आई स्पीकर बंद करायला विसरते, त्यामुळे मला ते स्वयंपाकघरात ऐकू येतं. मग मी भांडी जरा जोरात आपटते. आई म्हणते, भांड्यांनी तुझं काय घोडं मारलंय.

कामाचं सांगते. काल वकीलबाई प्रेसमध्ये आल्या होत्या. चौकशी आयोगापुढे त्या मेलेल्यांच्या घरच्यांची बाजू मांडतात. त्यांच्याकडून कळलं की तू प्रतिज्ञापत्र देणार आहेस. टेकडीवरचा किल्लीवाला तुझ्यामुळे मारला गेला, तुझ्या पुस्तकामुळे आणि रेडिओवर दिलेल्या मुलाखतीमुळे, असं लिहून तू खाली सही करणार. मुदत ३० एप्रिल.

सही करू नकोस.

तुला वाटत असेल सही केली की छाती हलकी होईल. तुझी होईल. पण ज्या पुढाऱ्यावर कटाचा आरोप आहे त्याचा वकील तो कागद आयोगापुढे नाचवेल. म्हणेल, बघा, लेखक स्वतःच कबूल करतोय; पुस्तकानं लोकांची श्रद्धा दुखावली, लोक चिडले, जमाव आला, रागाच्या भरात झालं. कट वगैरे काही नव्हताच. तिघे आरोपी घरी जाऊन जेवतील आणि पुढारी पुढची निवडणूक लढवेल. एवढी पुस्तकं वाचून एवढं कळत नाही तुला?

तू तिथे नव्हतास. तू विमानात होतास, कुठल्याशा परिषदेत धर्म आणि राजकारण यावर पेपर वाचायला निघालेला. मी होते. प्रेसच्या पहिल्या मजल्यावरची माझी खिडकी, तिच्या समोर टेकडीवरच्या प्रार्थनास्थळाचं दार. दुपारचे सव्वाबारा. किल्लीवाला दारापुढे मांडी घालून कुलपाला तेल देत होता. चाळीसेक माणसं पायऱ्या चढून आली. त्यांनी आधी त्याचे हात मोडले. उंबऱ्यावर मनगट धरून वरून पहार. एक झाला, मग दुसरा. तो आवाज मला अजून ऐकू येतो, भाजी चिरताना, दात घासताना, केव्हाही. मग डोक्यात घातली. तो पडल्यावरही सहा-सात जण मारतच राहिले, कणीक मळावी तसे. मग त्याच्या कमरेची किल्ली घेतली आणि कुलूप उघडायचं सोडून दारच पेटवून दिलं. किल्ली हातात असताना दार जाळणाऱ्यांना काय म्हणायचं, हे तुझ्या पुस्तकात असेल तर पान सांग. मला सापडलं नाही, आणि त्या पुस्तकात काय कुठे आहे हे माझ्याइतकं कुणाला माहीत नाही.

वकीलबाईंनी एक फाटकं पान दाखवलं, हे काय आहे म्हणून. मी म्हटलं, चष्मा घरी राहिला, नंतर बघते.

आई बरी आहे. गोदामात खोकी उचलतोस म्हणून रडते. दोन पदव्या घेतलेला मुलगा परदेशात खोकी उचलतो. सही करू नकोस.

तुझी ताई


२६ फेब्रुवारी

प्रोफेसरसाहेब,

उत्तर नाही. ठीक आहे, मीही हट्टी आहे, आपण दोघं एकाच आईच्या पोटचे.

प्रेस पुन्हा चालू झाली आहे. जुनी जागा जळाली त्यातली एक भिंत तेवढी काळी ठेवली आहे, मालक रंग लावू देत नाहीत. त्यांच्या डोक्यात बारा टाके पडले, तेव्हापासून ते शब्द विसरतात. परवा मला म्हणाले, ते दे गं, ते, ज्यानं कागद... आणि पुढे बोलेनात. कात्री हवी होती. तीस वर्षं छापखाना चालवलेला माणूस.

किल्लीवाला गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी हल्लेखोर प्रेसवर आले ते तुला कुणी नीट सांगितलं नसेल. पुस्तक इथे छापलं म्हणून आले. मालकांना जिन्यावरून ओढत नेलं, प्रत्येक पायरीला डोकं आपटत. मी वर होते. एक जण माझ्या टेबलापर्यंत आला आणि सूचीच्या कार्डांची खोकी उलटी करायला लागला. माझ्या हाताशी दोन फुटांची पोलादी पट्टी होती, कागद आखायची. मी त्याच्या तोंडावर मारली. जबडा निखळला, बाहेर लोंबायला लागला. तो खाली बसला. मग मी दुसऱ्यांदा मारलं.

पहिला फटका जीव वाचवायला होता. दुसरा नव्हता. दुसरा मारताना मला बरं वाटलं. फार बरं वाटलं, भूक लागल्यावर जेवल्यासारखं. तुझ्या पुस्तकाची सूची केली तेव्हा "हिंसा – आणि सुख" या नोंदीपुढे मला एकच पान देता आलं होतं. सुधारून लिहिशील तेव्हा वाढव, माहितगार म्हणून मी आहे.

ते पुस्तक मला आवडलं होतं, हे तुला कधी सांगितलं नाही. सूची करणारी बाई पुस्तक वाचत नाही, ती त्याची हाडं मोजते. पण तुझं वाचलं. पहिल्या प्रकरणात तू तीन विद्वानांना कोंबड्यांसारखं झुंजवलंस. एकाच्या मते धर्म म्हणजे समाजाच्या विटा धरून ठेवणारा चुना. दुसऱ्याच्या मते तो सत्तेच्या हातातला सोटा. तिसरा म्हणतो, उगाच मोठं करू नका, ती माणसांची रोजची सवय आहे. मी म्हटलं, झालं, आता साडेतीनशे पानं हेच. पण मग तू टेकडीवर आलास. प्रार्थनेची एक जागा, दोन जमाती. सकाळी पुलाअलीकडचे आपण, दुपारनंतर पलीकडचे ते. कुणाचाच कुणावर विश्वास नाही, म्हणून किल्ली तिसऱ्याच घरात, चार पिढ्या. आणि किल्लीवाल्यानं तुझ्या तिन्ही विद्वानांना एका वाक्यात गप्प केलं. तुम्ही धर्म म्हणजे काय समजता, असं तू विचारलंस. तो म्हणाला, मला नका विचारू, माझ्या हाताला विचारा. दार वेळेवर उघडलं की लोक प्रार्थना करतात, उशीर झाला की भांडतात.

आणि तो दगड. भिंतीतली ती शिळा, जिच्यावर कोरलं आहे की ही जागा पहिल्यापासून आपल्याच लोकांची. चारशे वर्षांपूर्वीची, म्हणून पुढाऱ्यानं तीन निवडणुका तिच्यावर काढल्या. आणि तुझ्या दुसऱ्या प्रकरणातला गवंडी सांगतो की ती शिळा सव्वीस वर्षांपूर्वी त्यानंच बसवली, पुढारी तेव्हा साधा कार्यकर्ता होता, त्याच्याच सांगण्यावरून. जुनी दिसावी म्हणून चहाचा चोथा आणि काजळी घासली. हे वाचून मी खुर्चीत मागे टेकून हसले होते. चारशे वर्षांचा इतिहास आणि वास चहाचा.

नंतर कुणी हसलं नाही. तीन दिवसांत एकोणीस माणसं गेली. पुलाजवळच्या शिंपीणबाईला तिच्याच दुकानात कोंडून जाळलं, ती आपल्याकडची की त्यांच्याकडची हेही न विचारता.

वकीलबाई पुन्हा ते पान घेऊन आल्या होत्या. चष्मा होता. मी म्हटलं, विचार करून सांगते.

ताई


१९ मार्च

बाळा,

आज प्रोफेसर म्हणत नाही. आज माझी तेवढी लायकी नाही.

तुझ्या प्रतिज्ञापत्राचा मसुदा वकीलबाईंनी मला वाचायला दिला. तिसऱ्या परिच्छेदात माझं पत्र आहे. "घटनेनंतर आठव्या दिवशी माझ्या थोरल्या बहिणीने मला लिहिले की, ‘माझा माहितगार पायऱ्यांजवळ राहतो’ असे तू रेडिओवर बोललास, त्या एका शब्दाने तो माणूस गेला. हे मला मान्य आहे." तू शब्द न् शब्द उतरवला आहेस. तेच पत्र, ज्याच्यानंतर तू नोकरी सोडलीस, लिहिणं सोडलंस आणि मला सोडलंस.

पायऱ्यांजवळ साठ घरं आहेत. त्या शब्दानं कुणी सापडत नाही. मला तेव्हाही माहीत होतं.

ते फाटकं पान तुझ्या पुस्तकाचं ३४७ आहे, सूचीतल्या माहितगारांच्या यादीचं. एका आरोपीच्या शर्टाच्या खिशात सापडलं. पोलिसांनी "किरकोळ कागद" असं लिहून पिशवीत टाकलं. त्यावर तीन ओळींखाली निळ्या पेनाची रेघ आहे :

किल्लीवाला, ११२–१२६
गवंडी, शिळा बसवणारा, ३८–४४. पाहा : किल्लीवाला
शेजारी, डाव्या कानाने बहिरा, २०१–२०९. पाहा : किल्लीवाला

या ओळी माझ्या आहेत.

तू एका माणसाचे तीन केलेस, त्याला लपवायला. तुमच्या अभ्यासात तशी रीत आहे, हे मला नंतर कळलं. मला सांगितलं नाहीस, कारण सख्ख्या बहिणीलाही सांगणार नाही असं तू त्याला वचन दिलं होतंस. तू वचन पाळलंस. त्याचा धंदा बदललास, वय बदललंस, घर बदललंस. फक्त बोलणं बदललं नाहीस, कारण माहितगाराच्या तोंडचा शब्द बदलणं तुम्हा लोकांत पाप. गवंडी अडतिसाव्या पानावर म्हणतो, माझ्या हाताला विचारा. किल्लीवाला एकशे चौदाव्या पानावर म्हणतो, माझ्या हाताला विचारा. बहिरा शेजारी दोनशे तिसऱ्यावर तेच. बावीस वर्षं मी लोकांच्या पुस्तकांत हेच शोधत आले आहे, कोण कुठे पुन्हा येतं. कार्डं लावता लावता तिन्ही माझ्या हातात एकदम आली.

मला वाटलं तू घोळ घातलास. एकाच माणसाला तीन ठिकाणी तीन ओळखी, वाचकानं शोधायचं कसं? आणि खरं सांगू का, मला मजा वाटली. लहानपणापासून तू हुशार, मी कामसू. आज डॉक्टरसाहेबांची चूक पकडली. तुला फोन करून विचारता आलं असतं. केला नाही. म्हटलं, छापून आल्यावर बघेल आणि म्हणेल, ताईच्या नजरेतून काही सुटत नाही. तू सूची उघडलीच नाहीस. लेखक कधीच उघडत नाहीत.

त्यांनी उघडली. साडेतीनशे पानं वाचायला ना त्यांना वेळ होता ना तेवढी अक्कल. शिळेबद्दल कोण बोललं एवढंच हवं होतं, आणि ते मी एका ओळीत, पानासकट, हातात दिलं.

आता त्या दुपारचं राहिलेलं सांगते. पहिल्या पत्रात चोरलं होतं. ती माणसं घोषणा देत आली नव्हती. चिडलेला जमाव खालच्या चौकापासून ऐकू येतो, हे मुकाट आले. पुढचा माणूस किल्लीवाल्याच्या डाव्या बाजूनं वर आला, आणि बोलायच्या आधी वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला गेला. खाली वाकला आणि उजव्या कानाशी मोठ्यानं म्हणाला, "गवंडीकाम तूच करायचास ना?"

रोज समोर दिसणाऱ्या त्या माणसाला एका कानानं ऐकू येत नाही, हे मला पुस्तकातूनच कळलं होतं. कोणत्या कानानं, तेही. त्याला पुस्तकाशिवाय कुठून कळणार?

मला त्याच क्षणी समजलं. हात नंतर मोडले. "हाताला विचारा" म्हणणाऱ्याचे हात. मी खिडकीत उभी होते आणि माझं काम माझ्यासमोर चाललं होतं. मी ओरडले नाही. खिडकी लावून घेतली. मग आठ दिवसांनी बसून तुला ते पत्र लिहिलं, कारण कुणीतरी दोषी हवंच होतं आणि तू दूर होतास.

म्हणून सही करू नकोस. खोटी आहे ती. चिडलेला जमाव खिशात पान ३४७ घेऊन येत नाही. ते पान म्हणजे ठरवून केलेला खून आहे, आणि त्या तीन ओळींचा अर्थ आयोगाला दुसरं कुणी सांगू शकत नाही. मी वकीलबाईंना हो म्हटलं आहे. २२ एप्रिलला माझी साक्ष आहे.

शिव्या द्यायच्या असतील तर दे. नुसता गप्प बसू नकोस.

ताई


११ एप्रिल

बाळा,

अक्षर बघून घाबरू नकोस. डाव्या हातानं लिहिते आहे, वेळ लागतो, म्हणून थोडक्यात.

साक्षीदारांची यादी सोमवारी लागली. गुरुवारी भर दुपारी दोघे प्रेसवर आले. कपडे स्वच्छ, बोलणं मऊ. मी कुलूप लावायला खाली वाकले होते. एक म्हणाला, "ताई, तुमचं काम याद्या करायचं. नुसत्या याद्या करा." दुसऱ्यानं माझा उजवा हात उंबऱ्यावर दाबून धरला आणि पहिल्यानं शटर उचलून वरून सोडलं. मग वर केलं आणि पुन्हा सोडलं.

तीन बोटं. एकाचं टोक राहिलं नाही. मी बेशुद्ध पडले नाही, पडते तर बरं झालं असतं. जाताना त्यांनी शटर नीट खाली ओढून कुलूप लावून किल्ली माझ्या मांडीवर ठेवली.

समोरच्या चहावाल्यानं सगळं पाहिलं. पोलिसांना म्हणाला, मी पाठमोरा होतो. मला त्याचा राग येत नाही. मीही खिडकी लावून घेतली होती.

आईला वाटेल ते सांगून गप्प करता येईल असं मला वाटलं होतं. तिनं दवाखान्यात माझ्या हाताकडे बघितलं आणि विचारलं, "साक्ष कोणत्या हातानं देतात?" म्हटलं, तोंडानं देतात. "मग दे," म्हणाली. तुझ्या आईला तू ओळखत नाहीस.

वकीलबाई म्हणतात तुझा कागद अजून आलेला नाही. एकोणीस दिवस उरले आहेत.

ताई


२४ एप्रिल

बाळा,

परवा साक्ष झाली. पाच तास.

पुढाऱ्याचा वकील हुशार आहे. म्हणाला, म्हणजे बाई, खून तुम्ही केलात. मी म्हटलं, पत्ता मी दिला, खून ह्यांनी केला, आणि पत्ता हातात घेऊन जो जातो तो रागाच्या भरात गेलेला नसतो. तो म्हणाला, जनतेच्या श्रद्धेबद्दल तुम्हाला काय कळतं? मी म्हटलं, काही नाही, माझं काम कोणती गोष्ट कोणत्या पानावर आहे एवढं सांगायचं. मग कानाचं सांगितलं. डाव्या बाजूनं आला, वळसा घातला, उजव्या कानाशी वाकला. न्यायमूर्तींनी लिहिणं थांबवलं आणि तिघा आरोपींकडे बघितलं. त्यातल्या एकानं मान खाली घातली. तोच होता. मला तिथल्या तिथे त्याच्या तोंडावर पट्टी मारावीशी वाटली, खोटं कशाला बोलू. डावा हात खुर्चीखाली दाबून धरला.

वकीलबाईंनी मग दुसरा कागद वाचून दाखवला. तुझा. जुना मसुदा मागे घेतो म्हणून, आणि नवीन दोन पानं : हे तिघे एकच, तीन मी केले, का केले ते असं, आणि ते एक करता येतील असा पुरावा माझ्या मजकुरातच राहिला होता. माझ्याबद्दल एक शब्द वाईट लिहिला नाहीस. मी तिथे सगळ्यांसमोर रडले. मालकांनी रुमाल दिला, रुमाल हा शब्द त्यांना आठवला.

आणि काल तुझा फोन आला. स्पीकर चालूच होता. तू म्हणालास, "आई, तिला दे."

मी घेतला नाही. आई माझ्यावर फोन उगारून उभी राहिली होती, तरी घेतला नाही. का, ते सांगायलाच डाव्या हातानं हे एवढं लांब पत्र.

साक्ष संपल्यावर बाहेरच्या पॅसेजमध्ये किल्लीवाल्याची बायको बाकावर बसली होती. तिनं माझं सगळं बोलणं आत बसून ऐकलं होतं. मी तिच्यासमोर उभी राहिले. पाय धरावे की काय करावं कळेना. ती म्हणाली, "बसा."

मग म्हणाली, पुस्तक आमच्याकडे होतं. तुमच्या भावानं पाठवलेलं. एवढं जाड कोण वाचणार, म्हणून ह्यांनी मागून उघडलं. म्हणाले, बघू तरी आपण कुठल्या पानावर आहोत. त्यांना ते तीन तुकडे कधी आवडलेच नव्हते. म्हणायचे, प्रोफेसर भला माणूस आहे, पण मी काय चोर आहे, तीन वेश घ्यायला? आणि मग ती ओळ सापडली. गवंडी, पाहा किल्लीवाला. दिवसभर खूश होते. मला पाच वेळा वाचून दाखवलं. म्हणाले, कुणीतरी मला बोलण्यावरून ओळखलं. तिघांचा एक केला.

सूची कुणी केली ते पुस्तकाच्या पहिल्या पानावर बारीक अक्षरात छापलेलं असतं. त्यांनी ते शोधून काढलं. समोरच्या छापखान्यातल्या खिडकीतली बाई, म्हणाले, तीच ही.

तिला मात्र त्या ओळीची भीती वाटली. अडाणी नाही ती, तुझ्या-माझ्यापेक्षा शहाणी. ती म्हणाली, आठ दिवस माझ्या भावाकडे जाऊ, हे बरं लक्षण नाही. पिशवी भरली होती तिनं. ते हललेच नाहीत. म्हणाले, त्या बाईनं ओळखलं आहे, आता ती एकदा तरी वर येईल, आणि ती यायची नि दार बंद असायचं, हे बरं दिसणार नाही. तेवढ्यासाठीच त्या दुपारी कुलपाला तेल देत बसले होते. कुलूप अडकत होतं. पाहुण्यासमोर खटपट नको म्हणून.

हे सगळं तिनं शांतपणे सांगितलं. मग मला विचारलं, "तुम्ही येणार होता का हो?"

प्रेसपासून त्या दारापर्यंत एकशे दहा पायऱ्या आहेत. तो दारात, मी खिडकीत, बावीस वर्षं. कार्डं जुळली त्या दिवशी त्याला बघायला वर जावं, असं एकदाही माझ्या मनात आलं नाही. मला तो सापडला होता, तेवढं पुरे होतं.

मी नाही म्हटलं. ती उठून गेली.

हे तुला माहीत नसताना तू "तिला दे" म्हणालास, म्हणून फोन घेतला नाही. आता माहीत आहे. अजूनही तसंच म्हणावंसं वाटलं तर रविवारी अकराला कर, आई स्पीकर चालूच ठेवते. मी फोनजवळ बसेन.

ताई